जमलेलं पाणी

आता जेलीची पाकिटं मिळतात. लाल, पिवळी, हिरवी. माझी नात परवा अशीच एक वाटी माझ्यासमोर घेऊन आली, थरथरणारी, आणि म्हणाली, आजी, बघ मी केली. मी म्हटलं, तू काय केलीस गं, तू पाकीट फाडलंस. सुनेने तोंड फिरवलं. फिरवू दे. या वयात मला कोणाचं मन राखायचं नाही आणि त्या वाटीतला तो कारखान्याचा लाल रंग तर अजिबात गिळायचा नाही. पण जेली पाहिली की मला आमची विहीर आठवते, आणि विहीर आठवली की पाटलीनबाई आठवतात, त्यांचे जवाईबापू आठवतात, आणि माझं तोंड कडू होतं. आज लिहूनच टाकते.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापासून सायकलने तासाभरावर. आमची वस्ती गावाच्या उताराला, आणि विहीर त्याच्याही खाली, मसणवटीच्या वाटेवर. गावात दुसऱ्या कोणालाही जिथे खणायचं नव्हतं, तिथे आमच्या आजोबांच्या पिढीने ती खणली. त्याआधी आमच्या बाया पाटलांच्या विहिरीपाशी घागरी घेऊन उन्हात उभ्या राहायच्या, कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. पाटलांची विहीर तलावाच्या पाळीखाली होती, तिचं पाणी गोड. त्या पाण्यात तुरीची डाळ चुलीवर ठेवली की भाताच्या आधी शिजते म्हणत. आमच्या विहिरीच्या पाण्यात लाखोळीची डाळ दुपारपर्यंत रटरटायची आणि तरी दाताखाली कचकच लागायची. साबणाला फेस नाही, केस धुतले की त्यांचा दोर व्हायचा. माय त्या विहिरीला रोज शिव्या घालायची आणि रोज तिचंच पाणी भरायची. विहिरीचं लोखंडी चाक इतकं कुरकुरायचं, की घरात बसून सांगता यायचं कोण ओढून राह्यलं. माय ओढायची ते एका दमात, मधे थांबणं नाही.

बा मूलच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचा. रात्री त्याच्या सायकलची साखळी वाजली की आम्ही भावंडं बाहेर पळायचो, कारण हँडलला कनकीची पिशवी लटकलेली असायची. कनकी म्हणजे तांदळाचा चुरा. गावाने पिकवलेला अख्खा तांदूळ नागपूरला जायचा आणि चुरा आमच्याकडे यायचा. कनकीचा मऊ भात, आंबाडीची भाजी, आणि उन्हाळ्यात वरून वासनवेलीचं जमलेलं पाणी. जेली हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता.

वासनवेल कुंपणावर माजायची, कोणी लावायचं नाही की कोणी तोडायचं नाही. माय ओंजळभर पानं धुवायची, विहिरीच्या थंड पाण्यात टाकायची आणि दोन्ही हातांनी चोळायची. पाणी हिरवंगार आणि बुळबुळीत झालं की फडक्यातून पिळून चोथा फेकायचा आणि रस जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, थाळीत ओतून ठेवून द्यायचा. बस. मग हात लावायचा नाही. बोट घातलं की मोडायचं. कनकी शिजेपर्यंत थाळीतलं पाणी असं जमायचं की सुरीने वड्या पाडाव्या. वर गूळ किसून खायचं, पोटात गार वाटायचं. माय म्हणायची, घरात भांडण झालं तर जमत नाही, म्हणून तेवढा वेळ आम्ही एकमेकांचे केस ओढायचं थांबवायचो. खोटं होतं ते. पण तेवढा वेळ घरात शांतता असायची.

पुढे मी नागपूरला शिकले आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत जन्म घालवला, म्हणून आता मला माहीत आहे ते सांगते. पानातला तो चिकट पदार्थ पाण्यातल्या चुन्याला धरून जमतो. ज्या खाऱ्या, जड पाण्यात डाळ शिजत नाही, त्याच पाण्यात तो छान जमतो. गोड पाण्यात त्याला धरायला काही नसतं. आणि पान उकळलं की जमायची शक्तीच जाते. माझ्या मायला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. हल्ली चर्चासत्रांतून खादीचे झब्बे घातलेले लोक तिच्यासारख्या बायांना ज्ञानाचं भांडार वगैरे म्हणतात, तेव्हा मला उठून जावंसं वाटतं. भांडार कसलं डोंबलाचं! तिच्याकडे एक वाईट विहीर होती.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात पाटलांचे जवाईबापू नागपूरहून आले. त्यांचा तिकडे सरबत आणि जेलीचा लहानसा कारखाना होता. माणूस गोरा, गुबगुबीत, सफारी सूट घालून शेतावर जाणारा. पाटलांकडे काम करणारी गिरजा आमच्याकडून वाटीभर जमलेलं पाणी घेऊन जायची; तिला आमच्या हातचं चालायचं, कोणी पाहत नसलं म्हणजे. एक दिवस मागच्या अंगणात ती खात असताना जवाईबापूंनी पाहिलं. त्यांनी वाटी हलवली, ती वडी थरथरली, आणि बापूंचे डोळे चमकले. जेली जमवायची पावडर त्यांना दूरवरून आणावी लागायची, आणि इथे ती कुंपणावर फुकट लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी पाटलीनबाईंचा मायला निरोप आला, पारबता, वासनवेलीची पानं घेऊन ये. मी सोबत गेले. पाटलीनबाई ओसरीवर उभ्या होत्या, हातभर बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्या घराचा नियम असा की आमच्या हातचं कोरडं आणि कच्चं चालायचं, ओलं चालायचं नाही. आम्ही चिखलात उभं राहून रोवलेला धान चालायचा, आम्ही तोडलेलं पान चालायचं. पाणी मात्र बाटायचं. हा नियम कोणत्या शहाण्याने काढला देव जाणे, पण लाज वाटेल इतका सोयीचा होता.

"टाक तिथी सुपात," पाटलीनबाई म्हणाल्या. "वरून टाक. अन् सांग कसं करतेस ते."

मायने अंगणातूनच सांगितलं. थंड पाणी, हातानं चोळा, गाळा, ठेवून द्या, ढवळू नका. पाटलीनबाईंनी आपल्या गोड विहिरीचं पाणी घेतलं, बांगड्या मागे सारल्या आणि चोळलं. बाकी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं, हे मला मान्य आहे. पण हिरवं पाणी हिरवं पाणीच राहिलं. तेव्हा जवाईबापू पुढे झाले. त्यांनी खुर्चीत बसूनच सांगितलं, की अर्क हा नेहमी गरम पाण्यात उतरतो, हे त्यांच्या धंद्याचं शास्त्र आहे, बायांना त्यातलं काय कळतं. पानं चहासारखी उकळली. सगळं मातकट झालं, घरभर ओल्या गवताचा वास सुटला आणि जमलं काहीच नाही. उंटावरचा शहाणा!

नाचता येईना अंगण वाकडं. पाटलीनबाईंनी आधी पानांना नाव ठेवलं. पुन्हा पानं नेली, पुन्हा तेच. मधेच त्यांच्या नातवाला ताप चढला. पोरगं दिवसभर उन्हात कच्च्या कैऱ्या खात फिरत होतं, ताप नाही तर काय चढणार? पण पाटलीनबाईंना आता कारण सापडलं होतं. चावडीवर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पारबतानं पानावर काहीतरी केलं. तिच्या हातानं जमते अन् आमच्या घरात पाय ठेवला का नासते. लेकरू बी पडलं. करनी हाय हे."

शहरातल्या वाचकाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. आमच्या भागात तेव्हा करणी म्हटलं की हसायला कोणी उरायचं नाही. शेजारच्या गावातल्या एका विधवेला आदल्याच हिवाळ्यात लोकांनी केस धरून शिवेबाहेर काढलं होतं, तिच्या घराचं दार मी स्वतः उघडं पाहिलं होतं, आत कोंबड्या फिरत होत्या. आता माय वाटेने गेली की लोक लेकरांना पदराखाली घेऊ लागले. विड्यांसाठी तेंदूची पानं तोडायला बाया पहाटे जंगलात जायच्या, त्या आमच्या दारावरून हाक न मारता जाऊ लागल्या. माझी माय, जिने यातल्या निम्म्या बायांची बाळंतपणं केली होती! मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. मला शिसारी आली.

बा घाबरला. जेवता जेवता म्हणाला, "मूलले जाऊ. मिलच्या मांगं खोली भेटते. लोकायचं काही सांगता येत नाई."

"मी इथून गेली तं मी चेटकीनच ठरते," माय म्हणाली. "मंग मूलच्या लोकायले कोन सांगन? ते बी तेच म्हनतीन."

"जीव गेल्यावर काय करशीन नावाचं?"

 मायने त्याच्या थाळीत आणखी भात वाढला.

सकाळी तिने सांगून पाठवलं की मी आमच्या विहिरीवर साऱ्यांसमोर करून दाखवते, ज्याला पाहायचं त्याने यावं. जत्रेला यावं तसं गाव आलं. पाटलीनबाई आल्या नाहीत, त्यांनी गिरजाला पाठवलं. मायने पानं चोळली, गाळली, थाळीत ओतली, आणि थोड्या वेळाने सुरीने वड्या पाडल्या. मला वाटलं, झालं, संपलं. कसलं संपतंय! गिरजा धावत जाऊन सांगून आली, आणि धापा टाकत पाटलीनबाईंचा जबाब घेऊन आली: "बाई म्हन्ते, पाह्यलं? तिच्या हातानं जमते, दुसऱ्याच्या हातानं नाई जमत. हेच तं चेटूक!"

न जमलं तरी चेटूक, जमलं तरी चेटूक. चित भी मेरी, पट भी मेरी. आणि गाव मान डोलावत होतं! म्हाताऱ्या मिशा, चष्मे, ग्रामपंचायतीचे मेंबर, सगळे डोलावत होते. त्या दिवशी माझ्या मनातून जी माणसं उतरली ती पुन्हा कधी चढली नाहीत. मी ओरडले, "हात नाई वं गिरजाबाई, पाणी! पानं तेच, चोळणं तेच. तुमच्या घरचं पाणीच जमत नाई, सांग तुह्या बाईले!" मला शास्त्र कळलं होतं अशातला भाग नाही. त्यांच्या गोड विहिरीला नाव ठेवायची संधी मी सोडणार नव्हते, एवढंच.

पण जवाईबापूंच्या कानावर ते गेलं, आणि लोभाला कान तिखट असतात. संध्याकाळी गिरजा आमच्या विहिरीवरून कळशी भरून घेऊन गेली. पुढचं तिनेच आम्हाला सांगितलं, हसू दाबत. कळशी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. मग तिच्यात तुळशीचं पान टाकलं. मग पाटलीनबाईंना तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा ते पाणी मागच्या चुलीवर चांगलं खळखळ उकळलं, म्हणजे आमचा जो काही विटाळ असेल तो वाफेबरोबर निघून जाईल. मग थंड केलं, आणि त्यात पानं चोळली. नाही जमलं. कसं जमेल? पाणी उकळलं की त्यातला चुना भांड्याच्या बुडाशी बसतो. गिरजा म्हणाली, "पातेल्याले बुडाशी पांढरा थर बसला जी." विटाळ म्हणून त्या बाईने जे काढलं, तेच नेमकं जमवणारं होतं. एवढी वर्षं पाणी तपासलं, पण पाणी इतकं मूर्खपणाने बिघडवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आणि पाटलीनबाई पुन्हा ओसरीवरून, "घ्या! आता पाणी बी तिचंच, तरी जमेना!"

मग भर दुपारी स्वतः जवाईबापूच आले. डोक्यावर ओला रुमाल, पायात चकचकीत बूट. विहिरीवर बाया होत्या, त्या सरकल्या नाहीत. बसा असं कोणी म्हटलं नाही. मी पाणी ओढून बादली त्यांच्यासमोर ठेवली. मायने पानं दिली आणि ती लांब, लिंबाच्या सावलीत जाऊन बसली, हात पदरात घेऊन, म्हणजे तिने काही केलं असं कोणी म्हणायला नको. बापूंनी बाह्या वर केल्या, चोळलं, स्वतःच्या रुमालातून गाळलं, थाळीत ओतलं. मग उन्हात उभे राहिले, घाम पुसत. थोड्या वेळाने त्यांनी थाळी तिरपी केली. पाणी हललं नाही. त्यांनी बोटाने दाबलं. आणि त्या माणसाला आपण कुठे उभे आहोत याचा विसर पडला असावा, कारण त्याने एक मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळला.

 मग आमची शेजारीण कौतिकबाई, जिला धड ऐकू यायचं नाही पण दिसायचं चांगलं, ती मोठ्याने म्हणाली, "अगं माय! जवाईबापूच्या हातानं बी जमलं. त्यायले कवा शिकवलं वं पारबता चेटूक?"

बाया अशा हसल्या, अशा हसल्या, की एकीची घागर काखेतून सुटून फुटली. ते हसू संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं. पोरं एकमेकांना जवाईबापू चेटक्या म्हणून चिडवू लागली. ज्या करणीच्या नावाने गाव आठवडाभर थरथरत होतं, ती त्या हसण्याने निम्मी मेली. बा रात्री घरी आला, त्याला मिलमध्येच कोणीतरी सांगितलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

जवाईबापूंचं मात्र ऐका. घरी परत गेले तर सासूने दारातच अडवलं. आधी डोक्यावरून आंघोळ, मग पळीभर गोमूत्र. आणि हा कारखानदार, हा शास्त्र शिकवणारा माणूस, ते प्यायला! आमच्या विहिरीचं लोभाने खाल्लं आणि सासूच्या धाकाने वर ते प्यायलं. पुढे नागपूरला जाऊन त्याने पुन्हा पानं उकळूनच पावडर काढायचा घाट घातला आणि अर्थातच काही झालं नाही, असं कळलं. मला तिळभरही वाईट वाटलं नाही.

पण निम्मी मेलेली करणी म्हणजे निम्मी जिवंत. पाटलीनबाईंनी आपला शब्द मागे घेतला नव्हता, आणि त्या घेत नाहीत तोवर तेंदूला जाणाऱ्या बाया आमच्या दारावरून तशाच मुकाट जात होत्या. मायला ते माहीत होतं. ती वाट पाहत होती, कशाची ते मला कळत नव्हतं.

जवाईबापू अजून गावातच होते, आणि त्यांचा भागीदार नागपूरहून येणार होता, जेली खायला आणि मग धंद्याचं ठरवायला. भागीदार सोवळ्याओवळ्याचा, तेव्हा जेली पाटलीनबाईंच्या हातचीच हवी. सकाळीच गिरजा कळशी घेऊन आली. मायने दोराला हात लावू दिला नाही.

"ज्याले पाह्यजे त्यानं यावं," ती म्हणाली. "अन् दोर बी त्यानंच ओढावा."

मला वाटलं, आता काही त्या येत नाहीत. पण जवाईबापू घरात आरडाओरडा करत होते म्हणे, तुमच्या मुलीला कायमची माहेरी धाडतो इथवर. अडला हरी गाढवाचे पाय धरी! ऊन चढल्यावर पाटलीनबाई उताराने खाली येताना दिसल्या. डोक्यावरून पदर, हातात पितळी कळशी, नजर पायाखाली. एवढ्या आयुष्यात त्या आमच्या वस्तीत पहिल्यांदा आल्या होत्या.  पाटलीनबाई काठापासून लांब थांबल्या आणि त्यांनी कळशी पुढे धरली. "ओत वं पारबता," त्या म्हणाल्या.

अगदी तशीच धरली होती कळशी. आमच्या बाया त्यांच्या विहिरीपाशी तशाच उभ्या राहायच्या, हे माझ्या आजीने मला करून दाखवलं होतं.

माय दगडावर बसली होती. ती उठली नाही. "अगोदर सांगा बाई," ती म्हणाली, "पानावर मी काय केलं होतं?"

पाटलीनबाई काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्यानं सांगा. आमच्या कौतिकबाईले कमी ऐकू येते."

ऊन मी म्हणत होतं. पाटलीनबाईंच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, चढावर कोणी आहे का ते. चढावर निम्मं गाव उभं होतं.

"काही नाई केलं पारबतानं," त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला. "काही नाई केलं!"

"आलं ऐकू," कौतिकबाई म्हणाली.

मग मायने हाताने दोर दाखवला. मी जाऊन मदत करावी असं कोणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच. पाटलीनबाईंनी दोराला हात लावला. जन्मात त्यांनी पाणी ओढलं नव्हतं. बादली दणादण कडेला आपटत खाली गेली, चाक कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं, दोर दोनदा हातातून सुटला. शेवटी अर्धी बादली वर आली. ती त्यांनी कळशीत ओतली, निम्मी स्वतःच्या लुगड्यावर. कळशी काखेला लावून त्या निघाल्या, तेव्हा माय मागून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जसं कोणालाही सांगितलं असतं तसं:

"अन् उकळू नका बरं बाई. उकळलं का जमत नाई."

पाटलीनबाईंनी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तेंदूला जाणाऱ्या बायांनी आमच्या दारात उभं राहून मायला हाक मारली, आणि ती डोक्याला फडकं बांधून निघाली. उन्हं आल्यावर गिरजा हसत आली.

"जमली वं," ती म्हणाली. "अशी जमली का सुरीनं कापली. पाव्हन्यानं खाल्ली, जवाईबापूनं खाल्ली. अन् बाईनं बी खाल्ली."